गोळीच्या पाकिटावर काय लिहिले आहे?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला चार शब्द बोलावयास सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. मंडळात आजवर मी हळदीकुंकवाच्या वाणाचा हिशेब ठेवला, सहलीच्या डब्यांची यादी केली; परंतु उभे राहून भाषण कधी केले नाही. अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "तुमच्या सासूबाईंचे जे झाले ते सांगा, तेवढे पुरे." घरी जाऊन सासूबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, "सांग की. लोकांना कळू दे. पण म्हातारी खुळी होती असं सांगू नको." तसे मी सांगणार नाहीच, कारण दुसरी पुडी मीच आणली होती.

आपल्या आंबवड्याच्या बायकांना गुडघ्यांविषयी काही सांगावे लागत नाही. भाताच्या लावणीत दिवसदिवस चिखलात वाकून उभे राहावयाचे, वर पाऊस, खाली पाणी, आणि घरी आल्यावर पुन्हा गुरांचे आहेच. सासूबाईंनी अशा चाळीसपेक्षा जास्त लावण्या केल्या. २०२२ च्या लावणीनंतर त्यांचे गुडघे असे धरले की रात्री उठताना भिंतीला हात लावून उठत. भोरला नेऊन डॉक्टरांना दाखविले. त्यांनी गोळ्या दिल्या, व्यायाम सांगितला, वजन कमी करा म्हणाले. आता सत्तरीच्या बाईने व्यायाम तो काय करावा, असे म्हणून आम्ही ते सोडून दिले.

दिवाळीच्या आधी एक माणूस जीप घेऊन आला. कुठला, कोणाचा, मला आजही माहीत नाही. बोलायला गोड. त्याच्याजवळ छापील कागद होता, "संधिवात मुळासकट नाहीसा." गोळ्या काळपट, प्लास्टिकच्या पुडीत, महिन्याच्या तीनशे रुपये. झाडपाल्याचे औषध आहे, अपाय नाही, असे त्याने सांगितले. शेजारच्या गावातल्या एका बाईने घेतल्या होत्या, तिने गुण आला म्हणून सांगितले. सासूबाईंनी घेतल्या.

आणि भगिनींनो, गुण आला. खोटे कशाला बोलू? चौथ्या दिवशी सासूबाई झुलत्या पुलावरून चालत नागेश्वराला जाऊन आल्या. मला तर डोळ्यांत पाणी आले. महिना संपला तेव्हा तो माणूस पुन्हा आला, आणि मी धावत जाऊन दुसरी पुडी आणली. मग तिसरी, चौथी. सासूबाईंचा चेहरा भरला, गाल वर आले. आपल्याच आळीतल्या बाया म्हणाल्या, "आजी काय गुटगुटीत झाल्या!" ती सूज होती, हे कोणाला कळणार? त्यांना रात्रीतून चारचार वेळा लघवीला उठावे लागे, ते थंडीमुळे असेल असे आम्ही धरून चाललो.

मार्चमध्ये तो माणूस आलाच नाही. गोळ्या संपल्या. पाचव्या दिवशी सासूबाईंना अंथरुणावरून उठवेना. ओकाऱ्या, हातपाय गार, बोलणे अडखळत. गाडी करून तालुक्याला नेले. डॉक्टरांनी तीन गोष्टी विचारल्या. गोळीचे नाव काय? पाकीट कुठे आहे? बिल आहे का? तिन्हींना माझे उत्तर एकच, नाही. एकही गोळी शिल्लक नव्हती. आणि ती पुडी, तिचे मी काय केले होते म्हणाल? धुऊन वाळवून तिच्यात मोहरी भरली होती.

डॉक्टर म्हणाले, लक्षणांवरून त्या गोळ्यांत स्टेरॉइड असावे असे वाटते; पण गोळी तपासल्यावाचून मी खात्रीने म्हणू शकत नाही. स्टेरॉइड हे औषधच आहे, डॉक्टर मोजून देतात तेव्हा त्याने जीवही वाचतो. परंतु न कळत महिनोन्‌महिने पोटात गेले, की शरीर स्वतःचे तसले द्रव्य बनविणे थांबविते. आणि गोळी एकदम बंद झाली की माणूस कोसळतो. शिवाय साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात. सासूबाईंना त्यांनी तेच औषध मोजून दिले आणि हळूहळू कमी करीत सोडविले. त्याला पाच महिने लागले. साखर मात्र राहिली ती राहिलीच.

मग मी विचारू लागले. आपल्या आशाताईंना विचारले, डॉक्टरांना विचारले, आणि माझी मुलगी कॉलेजात आहे तिला फोनवर वाचून दाखवावयास लावले. मला वाटत होते, असल्या लोकांविरुद्ध कायदाच नसेल. तर कायदे आहेत, आणि ते आपल्या आईच्या जन्माआधीपासून आहेत! औषधांचा मुख्य कायदा १९४० सालचा. आणि १९५४ साली दुसरा एक झाला, चमत्कारी औषधांच्या जाहिरातींचा. त्यात काही आजारांची यादीच दिलेली आहे. हे आजार आमच्या औषधाने बरे होतात अशी जाहिरात करणे हा गुन्हा. त्या यादीत मधुमेह आहे, कर्करोग आहे, आणि संधिवातही आहे. म्हणजे त्या जीपवाल्याने कागद दाखविला तेव्हाच मी पोलिसांना बोलाविले असते तर चालले असते. मी काय केले? त्याला चहा दिला.

खोटे औषध हे खेड्यातल्या अडाण्यांनाच मिळते असेही समजू नका. १९८६ च्या आरंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात रोग्यांना ग्लिसरीन पाजले, त्यात डायएथिलिन ग्लायकॉल नावाचे विष मिसळलेले होते. चौदा रोगी गेले. न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग बसला, आणि औषध कोठून आले, कोणी तपासले, कोणी डोळेझाक केली, हे सगळे बाहेर आले. आणि २०२५ साली पुन्हा तेच विष! मध्य प्रदेशात, नागपूरला लागून असलेल्या छिंदवाड्याकडे, खोकल्याचे कोल्ड्रिफ नावाचे औषध घेऊन वीसहून अधिक लहान मुले दगावली. त्यांतल्या कितीतरी मुलांना उपचारासाठी नागपुरातच आणले होते. तामिळनाडूत त्या औषधाची तपासणी झाली, तेव्हा जवळजवळ निम्मे विष निघाले. ज्या आयांनी मुलाला चमच्याने ते पाजले त्यांचे काय झाले असेल, हे मी इथे बोलत नाही. आपण सगळ्या आयाच आहोत.

त्या वेळी महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने लोकांना इशारा दिला. त्यात औषधाचे नाव होते आणि बॅच नंबर होता, एस. आर. १३. बॅच म्हणजे एका वेळेस केलेला घाणा. आपण लाडू करतो तेव्हा एका घाण्यात मीठ पडले तर तेवढेच लाडू बाजूला काढतो, तसे. आता ज्या बाईने बाटलीवरचा कागद फाडला असेल, किंवा औषध दुसऱ्या बाटलीत ओतून घेतले असेल, तिला तो इशारा ऐकून काय उपयोग? हे वाचले तेव्हा मला मोहरीची पुडी आठवली.

नागपूरची आणखी एक गोष्ट आहे. कळमेश्वरच्या ग्रामीण रुग्णालयातून मार्च २०२३ मध्ये औषध निरीक्षकाने सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गोळ्यांचा नमुना नेला. जुलाब, लघवीची जळजळ, जखम चिघळणे, अशासाठी देतात ती ही गोळी. अहवाल यायला कित्येक महिने गेले, आणि आला तेव्हा गोळीत औषध शून्य! पाकिटावर ज्या कंपनीचे नाव छापले होते ती कंपनीच अस्तित्वात नव्हती. पुढे सप्टेंबर २०२४ मध्ये पोलिसांनी आरोपपत्र दाखल केले. त्यात त्या गोळ्या टाल्कम पावडर आणि पिठूळ स्टार्च यांच्या केल्याचे म्हटले आहे. म्हणजे आपण बाळाला आंघोळीनंतर लावतो ती पावडर. रोगी म्हणत असेल, औषध घेतो आहे पण उतार पडत नाही. आणि घरचे म्हणत असतील, पथ्य पाळत नाही म्हणून.

या गोष्टीत मला एक अडते, तेही सांगते. दवाखान्यात औषध फुकट मिळते. तिथे बिल कसले मागणार? तिथे तपासणी करणे हे सरकारचेच काम, आणि ते वेळेवर झाले पाहिजे. आपण पाकीट वाचू शकतो, पोटातली गोळी वाचू शकत नाही. तेव्हा सगळा भार बायकांच्या दक्षतेवर टाकून कोणी मोकळे होऊ नये.

आता दुखण्याच्या गोळ्यांविषयी. याविषयी बोलावयास मला संकोच वाटतो, कारण यात आपली मुले येतात. अफूपासून निघणारी, किंवा अफूसारखे काम करणारी काही वेदनाशामक औषधे असतात. ती वाईट नव्हेत. माझे मामा कर्करोगाने गेले. शेवटचे दोन महिने त्यांना मॉर्फिनच्या गोळ्या मिळत होत्या, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, वहीत नोंद करून, मोजून. त्यामुळे ते रात्री झोपत, आणि सकाळी माणसांशी बोलत. पूर्वी हे औषध मिळवावयास इतके परवाने लागत की रोगी आधी जाई आणि परवाना मागून येई. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि ते थोडे सोपे झाले. ज्यांनी ती दुरुस्ती केली त्यांना माझे मामा ओळखत नव्हते, मीही ओळखत नाही, पण मी त्यांचे उपकार मानते.

परंतु तीच जातीची गोळी चिठ्ठीवाचून, सुटी, कोणाच्याही खिशातून मिळू लागली की निराळे होते. ट्रॅमाडॉल नावाची गोळी आहे. रात्रपाळी करणारी, गाडी चालविणारी, ओझी उचलणारी पोरे अंग दुखते म्हणून ती घेतात. मग अंग दुखत नसतानाही घेतात. सरकारने २०१८ साली ती अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणली. आणि २०२५ च्या फेब्रुवारीत आपल्याच पालघर जिल्ह्यातल्या एका कारखान्याची बातमी आली. टॅपेंटाडॉल आणि कॅरिसोप्रोडॉल अशी दोन औषधे एकत्र करून केलेल्या गोळ्या तिथून घाना, नायजेरिया अशा आफ्रिकेतल्या देशांत जात होत्या, आणि तिथली तरुण मुले त्यांनी नासत होती. पाकीट मात्र औषधाचे, छान रंगीत. त्यानंतर सरकारने या दोन औषधांच्या एकत्र गोळ्या करणे आणि बाहेर धाडणे बंद केले. तिकडच्या आयांना पालघर कुठे आहे ते ठाऊक नसेल. आपल्याला आहे, म्हणून मला लाज वाटली.

अमेरिकेत तर याहून भयंकर. तिथे वेदनेच्या गोळीसारखीच दिसणारी, तोच रंग, तोच छाप असलेली नकली गोळी विकतात. आत फेंटानिल नावाचे द्रव्य असते. त्याचे दोन मिलिग्रॅम, म्हणजे मिठाचे थोडेसे कण, माणसाचा श्वास बंद करू शकतात. २०२३ साली तिथल्या सरकारी खात्याने पकडलेल्या असल्या नकली गोळ्या तपासल्या, तेव्हा दहातल्या सात गोळ्यांत जीव घेण्याइतके फेंटानिल निघाले. पोरगा एकच गोळी घेतो, फोनवरून कोणाकडून मागविलेली, आणि सकाळी उठत नाही. अशा पोरांच्या आया तिथे गप्प बसल्या नाहीत. टेक्सास राज्यात टकर नावाचा मुलगा २०२१ साली असाच गेला. त्याच्या आईने आमदारांचे उंबरे झिजविले, आणि २०२३ साली त्या मुलाच्या नावानेच कायदा झाला. सहावीपासून बारावीपर्यंत प्रत्येक वर्षी शाळेत या नकली गोळ्यांविषयी शिकविलेच पाहिजे, असा. शिक्षा वाढविण्याचा कायदा निराळा, हा नुसता सांगण्याचा कायदा. मला त्यात फार अर्थ दिसला. सासूबाईंना कोणी आधी सांगितले असते तर? मला सांगितले असते तर?

आपल्याकडेही सांगण्यासाठी काही केलेले आहे, पण ते आपल्यापर्यंत पोचत नाही, कारण ते पाकिटावर बारीक इंग्रजीत असते. मुलीने मला शिकविले तेवढे सांगते. पाकिटावर वरच्या कोपऱ्यात आर आणि बारीक एक्स असेल तर ते औषध चिठ्ठीवाचून घ्यावयाचे नाही. त्याआधी एन हे अक्षर असेल तर ते गुंगीच्या जातीचे, त्याला अधिकच जपावयाचे. तांबडी उभी रेघ असेल तर तेही डॉक्टरांना विचारूनच. ती रेघ ओळखा म्हणून २०१६ साली सरकारने मोहीम काढली होती. ही रेघ मला आवडते. तिला इंग्रजी येत असण्याची गरज नाही.

आणि १ ऑगस्ट २०२३ पासून आणखी एक झाले आहे. जास्त खपाच्या तीनशे औषधांच्या पाकिटावर ठिपक्यांचा चौकोन छापणे बंधनकारक केले. डोलो, कॅल्पॉल, शेलकल, मेफ्टाल ही आपल्या घरात असणारी नावे त्यात आहेत. दुकानात पैसे देताना आपण फोन धरतो तसलाच हा चौकोन. फोन धरला की औषधाचे नाव, कंपनीचा पत्ता, बॅच, केव्हा केले, केव्हा संपते, परवान्याचा नंबर, इतके दिसावयास हवे. ते पाकिटावरच्या मजकुराशी ताडून पाहावयाचे. नक्कल करणारा चौकोनाचीही नक्कल करील, हे खरे. तरी पाहावे. चोर येतो म्हणून आपण कडी लावायची सोडत नाही.

बिलाचे तर मी आग्रहाने सांगते. चिठ्ठीवरच्या औषधाचे बिल दुकानदाराने दिलेच पाहिजे, त्यावर औषधाचे नाव, बॅच आणि मुदतीची तारीख पाहिजे. आपण म्हणतो, चार गोळ्यांना कसले बिल! मग तो पट्टी कात्रीने कापून चार गोळ्या देतो, आणि तारीख नि बॅच असलेला तुकडा त्याच्याच खोक्यात राहतो. दुकानदाराशी भांडावयाचे नाही. पुष्कळ दुकानदार भले आहेत, उधारीवरही देतात. नुसते म्हणावयाचे, "दादा, नंबर बिलावर लिहून द्या." मी म्हणू लागले तेव्हा पहिल्यांदा माझाच आवाज कापला. आता कापत नाही.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली. १९४० च्या कायद्यात सव्विसावे कलम आहे. त्याप्रमाणे कोणीही साधा माणूस, वकील नको, पुढारी नको, आपल्याजवळचे औषध ठरलेली फी भरून सरकारी तपासनिसाकडे देऊ शकतो, आणि त्याचा सहीचा अहवाल त्याला मिळतो. म्हणजे ती एक गोळी मी ठेवली असती, तर मीही देऊ शकले असते. आणि २००८ साली कायदा कडक झाला, त्याआधी डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या समितीने २००३ साली तशी शिफारस केली होती. नकली औषधाने कोणी दगावला किंवा जबर इजा झाली, तर करणाऱ्याला आणि विकणाऱ्याला कमीत कमी दहा वर्षे, जन्मठेपेपर्यंत शिक्षा, आणि दंड कमीत कमी दहा लाख. तो दंड सरकारात जात नाही. ज्याला औषधाने त्रास झाला त्याला, आणि तो गेला असेल तर त्याच्या घरच्यांना मिळावयाचा आहे. सासूबाईंना हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "दहा लाख! आणि तू मोहरी भरलीस." तेव्हा आम्ही दोघी हसलो. हसता आले, यातच सगळे आले.

तक्रार करावयाची तर अन्न व औषध प्रशासनाचा फुकटचा फोन आहे, १८०० २२२ ३६५. कोल्ड्रिफच्या वेळी तोच दिला होता. मी तो स्वयंपाकघरात डब्यांच्या फळीवर खडूने लिहून ठेवला आहे, दर दिवाळीला फळी पुसली की पुन्हा लिहिते.

आता मंडळाकडे माझे दोन मागणे आहेत. गावची ग्रामसभा होण्याआधी बायकांची महिला ग्रामसभा घेण्याचा नियम आहे. येत्या महिला ग्रामसभेत आपण सगळ्यांनी मिळून असा ठराव मांडावा, की पाकिटावरची ही चिन्हे आणि हा फोन नंबर मराठीत मोठ्या अक्षरांत रंगवून शाळेच्या आणि दवाखान्याच्या भिंतीवर लावावा. ठराव लिहावयाला मी बसते, शुद्धलेखन कोणीतरी तपासावे. शाळेच्या भिंतीवर जे असते ते मुले वाचतातच, आणि घरी येऊन आपल्याला शिकवितात, हा माझा अनुभव आहे.

दुसरे असे, की पुढच्या बैठकीला प्रत्येकीने घरातली गोळ्यांची पिशवी घेऊन यावे. असते ना प्रत्येकीच्या घरी, देव्हाऱ्याशेजारी नाहीतर कपाटाच्या वर? सुट्या पुड्याही आणाव्या, लपवून ठेवू नयेत. कोणी कोणाला हसणार नाही. कोणतीही गोळी मात्र मनाने एकदम बंद करू नये, सासूबाईंचे काय झाले ते आपण ऐकलेच. ती आधी डॉक्टरांना दाखवू. माझी मुलगी त्या दिवशी घरी आहे, ती फोन आणि भिंग घेऊन बसेल, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवील. सासूबाईही येणार आहेत. त्यांना झुलत्या पुलावरून आता चालवत नाही, तेव्हा त्यांना आणावयाला कोणाच्या घरची गाडी मिळेल का, तेवढे आज जाण्यापूर्वी मला सांगा.